व्हाळापलीकडचे स्वेटर

शर्मिष्ठाबाईंनी बत्तीस वस्तूंची यादी केली होती आणि बत्तिसांवर बरोबरची खूणही केली होती. फळा, खडू, हजेरीपट, खिचडीचं पातेलं, वर्गातलं घड्याळसुद्धा व्हाळ, म्हणजे गावचा ओढा, ओलांडून आलं होतं. राहिले ते फक्त स्वेटर. मुंबईच्या मंडळाने पाठवलेले एकोणीस मुलांचे एकोणीस नवेकोरे स्वेटर मळू नयेत, म्हणून बाईंनी स्वतः शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवले होते आणि यादीत लिहायला विसरल्या होत्या. अति काळजी नडते ती अशी.

एरवी पाच मिनिटांचं काम. पण आचऱ्याजवळच्या त्या गावाची गावपळण चालू होती. देवाने कौल दिला की सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळी. देव परत बोलावेपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही, आणि वेस म्हणजे हा घोटाभर पाण्याचा व्हाळ. शाळाही अलीकडच्या आंब्याखाली आली होती. पहिलीच सकाळ अशी गार उजाडली की खडू हातात धरवेना.

त्यात मोबाइलवर तालुक्याहून परिपत्रक आलं. विद्यार्थ्यांचं थंडीपासून रक्षण करावं, उबदार कपड्यांची खात्री करावी, फोटो तात्काळ पाठवावा.

शेकोटी पेटवावी तर चहूकडे माडाच्या सुक्या झापांच्या झोपड्या, एक ठिणगी पुरली असती. गोधड्या दहिवराने भिजल्या होत्या, त्या करवंदीच्या जाळीवर वाळत पडलेल्या. मुलांना काय, ती दात वाजवायची शर्यत लावून बसली होती. पहिलीतला देवेश मात्र शर्यतीत नव्हता. त्याला दम्याचा त्रास, आणि छाती शिट्टीसारखी वाजू लागली होती. त्याच्या आईने, सुगंधाने, पंप दिला, पाठ चोळली आणि बाईंकडे पाहिलं.

"डॉक्टरान सांगलेला, बाईनू. ह्येका गारठो लागता नये."

शाळेची चावी बाईंच्या पर्समध्येच होती. पलीकडे शाळेची कौलं दिसत होती. त्या उठल्या. "मी जाऊन स्वेटर घेऊन येते."

गावात ज्यांचा शब्द चाले त्या माजी सरपंच भाईंनी घसा खाकरला. "जावा. तुमका नेम लागू नाय. तुमी भायल्यो."

बिचारे प्रेमानेच म्हणाले, वाट मोकळी करून दिली. पण बाईंना ते फार लागलं. जूनमध्ये बदली होऊन आल्यापासून त्या माका-तुका शिकल्या होत्या, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं डोळे पुसत संपवायला शिकल्या होत्या, आणि एवढं करून भायल्याच, बाहेरच्याच!

काठाशी त्यांनी चपला काढल्या, उजवा पाय पाण्यात घातला. दुसरा उचलेना. पोराच्या छातीपुढे नेम कसला, हे त्यांना कळत होतं. पलीकडे पाऊल टाकलं की आपण कायमच्या पाहुण्या, हेही कळत होतं. अशा वेळी आपल्याला हे सुचतंय याचा त्यांना भयंकर राग आला.

मागून देवेश धापा टाकत म्हणाला, "बाईनू, तुमी आमच्यो नाय?"

बाईंनी डोळे मिटले आणि दुसरा पाय उचलला.

"थांबा!" खिचडी रांधणारी अक्का डाव उगारून धावत आली. पण रोख बाईंवर नव्हता. "भाईनू, तुमच्या ट्रंकेत काय आसा ता तुमी सांगतास, काय मी सांगू?"

भाई तीन दिवसांसाठी दोन सदरे आणि एक भलीमोठी ट्रंक घेऊन आले होते. आत कागदपत्रं आहेत म्हणत. झाकण उघडलं तसा डांबरगोळ्यांचा भपकारा आला. आत सत्काराच्या शाली! मोजून वीस, घडी न मोडलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी: भजन स्पर्धा, तळेरे. गुणगौरव, कट्टा.

"घरात उंदीर कुरतडतले म्हणान हाडलंय," भाई पुटपुटले. त्यांनी शालींकडे पाहिलं, मग देवेशकडे. "घेवा. पण अशीच आंगावर टाकूची नाय. रीतसर सत्कार होवक होयो!"

मग झाला सत्कार. नारळाऐवजी अक्काने प्रत्येकाच्या हातात वाफाळतं रताळं दिलं. पहिला मान देवेशचा. त्याच्या तिप्पट शालीत तो असा गुरफटला की नाक तेवढं बाहेर. टाळ्या वाजवून वाजवूनच निम्मी पोरं तापली. अर्ध्या तासात देवेशची शिट्टी थांबली आणि तो दुसरं रताळं मागू लागला, तेव्हा सुगंधा हसली. बाईंनी तालुक्याला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं: सत्कार समारंभाची पूर्वपरवानगी घेतली होती का?

ट्रंकेत एक शाल उरली होती. भाईंनी ती उचलली आणि बाईंसमोर उभे राहिले.

"मला कशाला?" बाई जरा तोऱ्यातच म्हणाल्या. "मी भायली ना?"

"भायलो माणूस एव्हाना जावन, स्वेटर घेवन, परत इलो असतो," भाई म्हणाले. "तुमी पाण्यात पाय घालून उभ्यो रवलास."

एकोणीस सत्कारमूर्तींनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाईंनी शाल घट्ट लपेटून घेतली. त्यांचा उजवा पाय अजून ओलाच होता.