अंतर्यामी महाराज आणि दवाखान्याची हरकत

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या प्रभागाच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या साठ आणि माणसं दीडशे. उरलेली खिडक्यांत, जिन्यावर आणि एकमेकांच्या पायांवर उभी होती. शिंप्याने तर घरून स्टूल आणलं होतं आणि त्यावर तो बायकोलाही बसू देत नव्हता. एवढी गर्दी या सभागृहाने निवडणुकीच्या दिवशीही पाहिली नव्हती. सगळ्यांच्या माना मंचाकडे वळलेल्या, आणि मंचावर पांढऱ्या कपड्यांत अंतर्यामी महाराज.

महाराजांनी डोळे मिटून एक बंद पाकीट कपाळाला लावलं. सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, फक्त ती पडायला जागा नव्हती.

"स्पंदनं येताहेत," महाराज म्हणाले. "खांब दिसतोय. खांबावर दिवा दिसतोय. दिवा आहे, पण प्रकाश नाही. कोण आहे तो अंधारात चाचपडणारा जीव?"

तो जीव म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा न्हावी. तो उठला आणि शब्द न् शब्द हेच लिहिलंय म्हणून त्याने हात जोडले. महाराजांनी खात्रीसाठी पाकीट फाडलं, आत एक नजर टाकली, समाधानाने मान डोलावली आणि कागद पुन्हा पाकिटात सारून पाकीट ट्रेमध्ये पालथं ठेवलं. शेजारी बसलेल्या नगरसेवकसाहेबांनी जाडजूड वहीत काहीतरी खरडलं आणि "नोंद झाली" म्हणाले. मग दुसरं पाकीट कपाळाला लागलं. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून एक माउली रडते आहे, असं महाराजांना दिसलं. चौथ्या मजल्यावरची माउली मंचासमोरच बसली होती. महाराजांनी ओळखलं म्हटल्यावर ती लगेच रडायला लागली.

मी मागच्या भिंतीला टेकून हे पाहत होतो. पस्तीस वर्षं मी टपाल कचेरीत पत्रांची गावनिहाय छाटणी करण्यात घालवली आहेत, म्हणून सगळे मला टपालकाका म्हणतात. लाखो बंद पाकिटं या हातांखालून गेली, पण एकाही पाकिटाने मला कधी स्पंदन पाठवलं नाही. मात्र कुठलं पाकीट कुठून निघालं आणि कुठे पोचलं, हे माझ्या नजरेतून सहसा सुटत नाही. ती खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

दारातल्या पेटीत पाकीट टाकताना न्हावी माझ्या पुढेच होता. त्याच्या पाकिटाचा कोपरा दुमडलेला होता. तो सरळ करायला माझे हात शिवशिवले, पण मी स्वतःला आवरलं. महाराजांनी पेटीतली पाकिटं काढून गठ्ठा नीट जुळवला तेव्हा ते दुमडलेलं पाकीट सगळ्यात खाली गेलेलं मी पाहिलं. गाऱ्हाणं मात्र न्हाव्याचं सगळ्यात आधी ओळखलं गेलं. म्हणजे महाराजांनी पहिलं म्हणून जे पाकीट फाडलं, ते न्हाव्याचं नव्हतंच.

आता हा मंगळवार म्हणजे काय, ते सांगायला हवं. पूर्वी दर मंगळवारी नगरसेवकसाहेब स्वतः बसायचे. आपण तक्रार दोन प्रतींत लिहायची, एक त्यांना द्यायची, दुसरीवर शिक्का मारून पोच घ्यायची. पोच दिली की पंधरा दिवसांत उत्तर देणं साहेबांवर बंधनकारक होतं. ते त्यांना फार जड जायचं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी महाराजांना आणलं, आणि लोकांच्या मनातलं आता थेट कळणार म्हटल्यावर दुसरी प्रत, शिक्का आणि पोच या गोष्टी आपोआप बंद पडल्या.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण मध्ये दवाखान्याची नोटीस आली. गल्लीच्या तोंडाशी असलेला नगरपालिकेचा दवाखाना हलवून दोन बस बदलाव्या लागतील इतक्या लांब न्यायचं ठरत होतं. रिकाम्या होणाऱ्या जागेवर साहेबांच्या मेव्हण्याचा डोळा आहे, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नोटिशीत लिहिलं होतं की पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी पाचपर्यंत पन्नास रहिवाशांच्या लेखी हरकती पालिकेच्या कार्यालयात आल्या तर सुनावणी होईल, नाहीतर रहिवाशांची संमती आहे असं धरलं जाईल.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, पायाला साखरेमुळे जखम आहे. एक दिवसाआड तिला पट्टी बदलून घ्यावी लागते. काठी टेकत ती दोनशे पावलं चालते, मध्ये शिंप्याच्या ओट्यावर एकदा बसते. दोन बस तिला या जन्मी झेपणार नाहीत. पट्ट्या चुकल्या तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मला धास्ती बसली होती, ती त्या पायाची.

त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी ताईची आणि माझी हरकत द्यायला मी कार्यालयात गेलो. कारकुनाने दोन्हीवर शिक्के मारले आणि आतापर्यंत याच दोन आल्यात म्हणून सांगितलं. मला वाटलं तो थट्टा करतोय. त्याने फाईल उघडून दाखवली. आत खरंच दोनच कागद होते.

मी गल्लीत दारोदार फिरलो. प्रत्येकाने सांगितलं की आम्ही हरकत कधीच लिहिली, पाकिटात घालून महाराजांकडे दिली, त्यांनी न उघडता ओळखली, साहेबांनी नोंद केली, आता आणखी काय करायचं? पोच कुठे आहे, असं मी विचारलं की लोक माझी कीव करायचे. वाणी तर म्हणाला, "टपालकाका, देवमाणसाकडे पोच मागायची म्हणजे आईकडे दुधाची पावती मागण्यासारखं आहे."

घरी येऊन मी ताईसमोर पाकिटं मांडली आणि सगळी युक्ती करून दाखवली. ती पलंगावर पाय उंचावर ठेवून बघत होती. पुढच्या मंगळवारी मी मंचावर चढून याचा पर्दाफाश करणार, असं मी जाहीर केलं. ताईने ते उडवूनच लावलं. तू बोलायला उभा राहिलास की लोक आधी घड्याळाकडे बघतात, म्हणाली. तू महाराजांना खोटं म्हणालास तर दीडशे माणसं तुझ्याशी भांडत बसतील आणि महाराज मागच्या दाराने निघून जातील.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"भक्ती करायची," ताई म्हणाली. "त्याला झेपणार नाही इतकी."

मुदतीआधीच्या शेवटच्या मंगळवारी ताई काठी टेकत सभागृहात आली. शिंप्याने आपलं स्टूल तिला दिलं, यावरून तिचा दरारा कळावा. ती अगदी मंचासमोर बसली. महाराजांनी गठ्ठा जुळवला, पहिलं पाकीट कपाळाला लावलं आणि त्यांना एका दुकानासमोर गटाराचं झाकण फुटलेलं दिसलं. न्हावी ठरल्याप्रमाणे उठला आणि शब्द न् शब्द म्हणाला. महाराजांचं नख पाकिटाच्या कडेखाली गेलं.

"थांबा महाराज," ताई म्हणाली. "फाडू नका."

महाराज थांबले. ताईने मागे वळून सगळ्यांना विचारलं की महाराज ओळखतात यावर कुणाला शंका आहे का. कुणालाच नव्हती. मग खात्री कसली करायची? आपण त्यांना दर वेळी पाकीट फाडायला लावतो, हा त्यांच्या शक्तीचा अपमान नाही का? सभागृह गहिवरलं. वाण्याने सगळ्यात आधी "अगदी बरोबर" म्हटलं.

"ज्याचं पाकीट त्याच्या हातात द्या," ताई पुढे म्हणाली. "आम्ही घरी नेऊन जपून ठेवू. तुमचा स्पर्श झालेली वस्तू आहे."

महाराजांनी नगरसेवकसाहेबांकडे पाहिलं आणि साहेबांनी वहीकडे. दीडशे भक्त इतक्या प्रेमाने बघत होते की नाही म्हणायची सोय नव्हती. महाराजांनी बंद पाकीट न्हाव्याच्या हाती दिलं. न्हाव्याने ते हळूहळू खिशात सारलं आणि तो जागेवर बसला. मी एवढ्या सावकाश घाबरणारा माणूस पूर्वी पाहिला नव्हता.

मग महाराजांनी दुसरं पाकीट कपाळाला लावलं आणि तिथेच गाडी अडली. बराच वेळ काही दिसेना. अखेर त्यांना पाणी दिसलं. पाण्याची अडचण कुणाला नाही? बावीस जण उभे राहिले. महाराजांनी पाणी सोडून रस्ता धरला, तेव्हा आणखी तीस उठले. पाकीट मात्र एकच होतं. ताईने अत्यंत नम्रपणे आठवण करून दिली की गेल्या मंगळवारी महाराज मजलासुद्धा सांगत होते. महाराजांनी घाम पुसला आणि सभेत कुणीतरी अश्रद्ध माणूस बसला आहे, त्यामुळे स्पंदनं फाटताहेत, असं सांगितलं. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"तो गेल्या मंगळवारीही इथेच होता," ताई म्हणाली. मग ती न्हाव्याकडे वळली. "बाळा, खिशातलं पाकीट काढ. उघड आणि मोठ्याने वाच."

न्हाव्याने घरी वाचेन म्हणून पाहिलं. नंतर चष्मा नाही म्हणाला. शेजारच्याने आपला चष्मा त्याच्या नाकावर ठेवला. त्याने कागद उलगडला आणि पडलेल्या आवाजात वाचलं, "माझ्या आईला दम्याचा त्रास आहे. दवाखाना हलवू नये."

गटाराचं नाव नव्हतं. मग वाणी हळूच उठला.

"हे तर माझं आहे," तो म्हणाला. "आजच पुन्हा टाकलंय."

आता माझी पाळी होती. मंचावर जाऊन मी सरळ सांगितलं की पहिलं गाऱ्हाणं महाराज मनाने सांगतात, आणि त्यांचा ठरवून ठेवलेला माणूस उठून ते माझंच म्हणतो. मग खात्रीच्या नावाखाली महाराज जे पाकीट फाडतात ते दुसऱ्याच कुणाचं तरी असतं. ते वाचायचं, लक्षात ठेवायचं आणि पुढचं पाकीट कपाळाला लावून तेच सांगायचं. ते फाडलं की तिसरं कळतं. असं एकेक पाकीट पुढे राहून सगळा गठ्ठा संपतो, आणि त्या माणसाचं दुमडलेल्या कोपऱ्याचं पाकीट शेवटी उरतं. मग मी तिथेच उरलेल्या गठ्ठ्यातली, शिंप्याचं धरून, चार पाकिटं घेतली, शिंप्याला आपला माणूस केलं आणि डोळे मिटून बाकीच्या तिघांची गाऱ्हाणी बिनचूक सांगितली. पोटमाळ्याच्या गळतीपर्यंत सगळं बरोबर आलं. लोक आधी थक्क झाले आणि मग हसायला लागले.

फक्त वाणी हसला नाही. "म्हणजे टपालकाका," तो आदराने म्हणाला, "शक्ती तुमच्यातही आहे?"

मी डोक्याला हात लावला. ताईने त्याला समोर बसवलं, हातात पाकिटं दिली आणि त्याच्याकडूनच युक्ती करून घेतली. तिसऱ्या पाकिटाला त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. नंतर त्याला इतका राग आला की महाराज कुठे गेले म्हणून तो शोधायला लागला. महाराज मागच्या दाराने गेले होते. साहेबही गेले होते, वही तेवढी विसरून. कुणीतरी ती उघडली. पानोपानी साहेबांनी आपल्याच सहीचा सराव केला होता.

सभागृह झाडणारी बाई इतका वेळ दारात उभी होती. पुढे येऊन तिने विचारलं की मंचाखालच्या कपाटात आठ आठवड्यांची फाडलेली पाकिटं पडली आहेत, ती पालिकेची आहेत असं समजून आपण हात लावला नाही, ती लागणार आहेत का? कपाट उघडल्यावर पाकिटांचा ढीग पायांवर कोसळला. त्यात सगळी गल्ली होती. कुणाची पाण्याची विनवणी, कुणाची दिव्याची, आणि साठेक कागद दवाखान्याचे. लोक खाली बसून आपापलं अक्षर शोधायला लागले. तेव्हा कुणी हसत नव्हतं.

बुधवारी सकाळपासून कार्यालयाबाहेर रांग लागली. प्रत्येकाच्या हातात दोन प्रती होत्या. दुपारी शिक्क्याची शाई संपली, तेव्हा कारकून दुसऱ्या खात्यातून मागून घेऊन आला. पावणेपाचला न्हावी आला. साहेबांनी त्याला ही समाजसेवा आहे म्हणून सांगितलं होतं, आणि स्वतःचं महत्त्व वाढतंय म्हणून आपणही विचारलं नाही, असं तो खाली मान घालून म्हणाला. त्याची हरकत एक्याण्णवावी होती. त्याने पोच दोनदा वाचली आणि घडी न घालता घरी नेली.

सुनावणी झाली. नगरसेवकसाहेब तिथे म्हणाले की प्रभागातल्या लोकांची मनं आपल्याला आतून ठाऊक आहेत, कुणाचा विरोध नाही. अधिकाऱ्यांनी एक्याण्णव कागदांकडे बोट दाखवलं. मग ताईला बोलायला सांगितलं. ती म्हणाली की मी दोनशे पावलं चालू शकते, दोनशे एकावं नाही, आणि हे मी कुणी ओळखायची वाट न बघता स्वतः सांगायला आले आहे. दवाखाना जिथे होता तिथेच राहिला.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी कुणालाही घड्याळ न बघू देता सांगणार आहे. निवडून दिलेला माणूस आपला नोकर असतो. त्याला मनातलं ओळखता येत नाही आणि त्याने ते ओळखूही नये. तोंडाने सांगा, सहीनिशी लिहा, पोच घ्या आणि पंधराव्या दिवशी दार ठोठावा. न सांगता सगळं कळतं असं जो म्हणतो, त्याला आधी विचारा की तो पाकीट का फाडतो. एका चांगल्या घरातल्या बाईचा पाय त्या एका प्रश्नाने वाचला आहे. आज सकाळी ती पट्टी बदलून आली, तेव्हा जखम बोटभर उरली होती.