माझ्या कानामागची दोन बोटं

मी एका जुन्या तैलचित्रातली मांजर आहे, मित्रांनो, आणि मला कापसाच्या बोळ्याची भीती वाटते. कुत्र्याची नाही, काठीची नाही. एवढ्याशा कापसाची. का, ते सांगते.

माझा जन्म एका चित्रकाराच्या मागच्या खोलीत झाला. तो माणसांची चित्रं काढून पोट भरायचा. ज्याचं चित्र काढावं तोच म्हणायचा, "माझं नाक एवढं मोठं आहे होय?" एकदा त्याने बायकोला समोर बसवलं. ती गालाला हात लावून बसली. हात हुबेहूब उतरला, पण चेहरा काही केल्या जमेना. चौथ्या दिवशी त्याने सुरी घेऊन चेहऱ्याचा ओला रंग खरवडून टाकला.

"अहो, कापड कशाला वाया घालवता?" बायको म्हणाली. "आपली मनी काढा त्यावर. ती बापडी नाकाबद्दल तक्रार करायची नाही."

रंग वाळल्यावर त्याने वरून रोगण फिरवलं आणि त्यावर मला रंगवलं. माझ्याखाली ती राहिली, चेहऱ्याविना.

मला दिवाणखान्यात टांगलं. येणारा माणूस आधी माझ्याकडे बघायचा. दूधवाला दारातूनच विचारायचा, "काय मनीबाई, रागावलात?" कुणाला मी हसरी वाटे, कुणाला रुसलेली. चित्रकार म्हणायचा, "मांजर कुणाचीच होत नाही, म्हणून ती प्रत्येकाला आपली वाटते."

मुलं लहान असतानाच त्यांची आई देवाघरी गेली. तिचा एकही फोटो नव्हता. पुढे चित्रकारही गेला आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. भिंतीकडे तोंड करून मी कित्येक वर्षं ओल सोसली.

मग एक दिवस मुलांची म्हातारी मावशी बोलून गेली, "त्या मांजरीखाली तुमची आई आहे रे." तिने बहिणीला चित्रासाठी बसलेलं पाहिलं होतं. सुरी मात्र पाहिली नव्हती.

झालं! दादा आणि त्याची धाकटी बहीण मला जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेले. त्याने मला टेबलावर उताणं ठेवलं. बाटलीचं झाकण उघडताच असा उग्र वास आला, की माझा रंग तडकतो की काय असं वाटलं. काडीला कापूस गुंडाळत तो म्हणाला, "आधी तिकिटाएवढा तुकडा उघडून बघतो. कानापासून सुरुवात करू."

कापूस फिरला. पांढरा होता, तो करडा झाला. तो माझा कान होता, मित्रांनो.

खालून दोन बोटं दिसली.

"दादा, करंगळी बघ, वाकडी!" बहीण टेबलावर वाकली. "वेणी घालताना हीच टोचायची मला."

दादाने डोळे पुसले. "आता चेहरा उघडा करा. मांजर गेली तरी चालेल."

मी पुसली जाईन, आणि खाली चेहरा नाहीच! मांजरही जाईल आणि आईही मिळणार नाही. ओरडून सांगावं, तर तोंड मिटलेलं रंगवलेलं. दुसरा बोळा भिजला. तो माझ्या कपाळाजवळ आला. मी देवाचं नाव घेतलं.

"जरा थांबा," दुरुस्ती करणारा पुटपुटला. त्याने दिवा तिरपा धरला. "इथे रंगाखाली ओरखडे दिसतायत. सुरीचे आहेत. खाली चेहरा नसेलही."

"नसेलच कशावरून? असला तर?" दादा म्हणाला.

बहिणीने पटकन माझ्यावर हात धरला. "नको, दादा. आईची बोटं मिळाली ना? ती ज्या मांजरीच्या कानामागे आहेत, ती मांजर तरी राहू दे."

बोळा खाली ठेवला गेला.

आता मी बहिणीच्या घरी आहे. अर्ध्या कानाची, पण आहे. दादा येतो, जवळ उभा राहतो आणि म्हणतो, "बघू पुढेमागे." तेवढ्यानेही माझ्या काळजात धस्स होतं.

मित्रांनो, जुनी वस्तू घासायला घ्याल, तेव्हा आधी तिच्यावर एकदा तिरपा दिवा धरा. पुसलेलं पुन्हा येत नाही, आणि आम्हाला ओरडता येत नाही.

येणारेजाणारे कौतुकाने म्हणतात, "मांजरीला कुणीतरी कानामागे खाजवतंय बघा." खरंच खाजवतंय. पण मी डोळे मिटत नाही. दादाच्या हातात काही आहे का, ते बघत असते.