मान वळवलेला सिंह

आमचं वाल्डेनाऊ संस्थान एवढंसं, की इथे शिंकलं तर "देव तारो" म्हणायला सरहद्दीपलीकडचा माणूस. पण टांकसाळ स्वतःची होती आणि नाण्यांचे ठसे माझा नवरा क्विरिन कोरायचा. ठसा उलटा कोरला की नाणं सुलट उमटतं. फेनिग या बारक्या नाण्याच्या ठशात त्याने सिंहाचं धड उलटं कोरलं, मान उलटवायला मात्र विसरला. सिंह मागे बघू लागला. राजेसाहेब चिंधीचोर, नव्या ठशाचा खर्च नको म्हणून तसेच फेनिग पाडले. लोक हसले, "क्विरिन, तुझा सिंह बायकोला घाबरतो वाटतं!" तो ठसा कोरला त्याच आठवड्यात आमच्या ओटिलीला आम्ही पुरून आलो होतो, हे सगळे विसरले. चार वर्षांची होती पोर.

पुढे क्विरिन गेला. मग राजेसाहेब निपुत्रिक वारले, शेजारच्या राजाने संस्थान गिळलं आणि आमचे फेनिग बाद झाले. बाद नाणं आमच्याकडे देवाच्या झोळीत जातं. रविवारी चर्चमध्ये झोळी फिरली तेव्हा सगळ्यांनी भक्तिभावाने तेच टाकले, मीही टाकले. घरी येऊन रिकामा डबा पाहिला तेव्हा ध्यानात आलं. ओटिली गेली त्या आठवड्यातला तो सिंह मी एकही ठेवला नव्हता.

सोमवारी चर्चचा सेवक गांगोल्फ याला गाठलं.

"काकू, हे उद्या वितळवायला जाणार. आणि तुम्ही देवाला दिलेलं परत मागताय?"

"परत नको मेल्या, बदलून दे. नव्या राजाचं चालणारं नाणं देते, अख्खा क्रॉयत्सर."

"त्या फुटक्या फेनिगला? मग आज पाव कशाचा आणाल?"

"तुझं डोकं खाईन. ओत इकडे."

त्याने थैली टेबलावर ओतली. हातोहात फिरून सगळे सिंह झिजून गेले होते. अगदी तळाशी कमी झिजलेला एक सापडला. त्यावर बोट फिरवलं. मान होती, मागे वळलेली.

"हाच ना काकांचा घोटाळा?" गांगोल्फ हसला.

"हाच," मी म्हणाले.

घरी येऊन तो क्विरिनच्या खुर्चीसमोर ठेवला. ओटिलीला पुरून निघताना मी पावलापावलाला मागे वळत होते. क्विरिन एकदाही वळला नाही. दगड आहे मेला, असं वाटलं होतं मला, आणि पुढे जन्मभर वाटत राहिलं. तो कुठे वळला होता ते आज बोटाला कळलं. आता हे त्याला सांगू कशी?