मुठीतला होकार

चमत्कार खरा ठरला तर कोणाच्या पदरात काय पडणार, याचा हिशेब मी शेजारी या नात्याने आधीच मांडला होता. आईला मुलगा परत. धाकट्या भावाची संध्याकाळच्या व्यायामाच्या पाळीतून सुटका. तळव्याला स्पर्श करून मुक्या रुग्णाकडून उत्तरं मिळवणाऱ्या स्पर्शमहाराजांना दोन खोल्या भरून गर्दी. पैशाला ते शिवत नसत, माणसं मात्र मोजून घेत. रुग्णाच्या बायकोच्या नावापुढे मला काही लिहिता येईना.

आमच्या शेजारचा, लिफ्ट दुरुस्त करणारा हा गडी कामावर असताना पडला, त्याला चौदा महिने झाले. डोक्याला जबर मार. डोळे उघडे, बोलणं बंद, उजव्या हाताची बोटं आखडत चाललेली. बायकोचं जग पलंगापासून न्हाणीघरापर्यंत. कूस बदल, नळीतून भरव, बोटं ताण, हात सरळ ठेवणारी स्प्लिंट बांध. संपलं की पुन्हा कूस बदल.

"सोडा ते!" महाराज पहिल्याच दिवशी गरजले. "बोलू पाहणाऱ्या हाताला बेड्या घालता?" त्यांनी तळव्यावरून दोन बोटं फिरवली. "बाळा, आईला ओळखलंस ना?"

मूठ गच्च मिटली. दारापर्यंत उभी असलेली माणसं रडली.

"व्यायामाचा त्रास होतो ना रे?"

पुन्हा मूठ.

"बघा वहिनी," दीर म्हणाला, "दादा स्वतःच नको म्हणतोय."

स्प्लिंट कपाटात गेली. व्यायामही थांबला. पाच आठवडे.

मग मोठ्या रजेवरून फिजिओथेरपिस्ट बाई परतल्या. त्यांनी हात पाहिला आणि गर्दीतून वाट काढत पलंगाशी बसल्या.

"महाराज, माझाही एक प्रश्न घ्या. विचारा, तू जन्मभर शिंपीकाम केलंस ना?"

"असले प्रश्न आत्म्याला..."

"विचारा की हो!" मागून आवाज आला.

बोटं फिरली. मूठ मिटली.

"झाला शिंपी!" कोणीतरी फिसकन हसलं.

बाईंनी टूथब्रशचा दांडा तळव्यावरून फिरवला. मुठीने तोही पकडला. "याचीही जुनी ओळख दिसते! तान्ह्या बाळाच्या तळव्याला बोट लावलं तर ते असंच धरतं. मेंदूला मोठी इजा झाली की ती पकड कधी कधी परत येते. तळवा चोळला म्हणून मूठ मिटते, प्रश्नाशी तिचा संबंध नाही."

महाराजांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

"मला ठाऊक होतं," बायको म्हणाली. "महाराज आल्याच्या तिसऱ्याच दिवशी हात पुसताना यांनी फडकंही असंच धरलं."

"मग बोलली का नाहीस गं?" सासूचा आवाज फाटला.

"आई, महाराज आले की यांच्याजवळ वीस माणसं असायची. मी न्हाणीघराचं दार लावून उभ्या उभ्या झोपायचे. चौदा महिन्यांत मला मिळाला तो दर भेटीचा तेवढाच तास."

बाई रुग्णाला म्हणाल्या, "बायकोकडे बघा." हात न लावता थांबल्या. अकरा आकडे मोजून झाले, तेव्हा मान जराशी वळली. "हे उत्तर असेल, नसेलही. उद्या तिला दुसऱ्या बाजूला बसवून पुन्हा बघू."

शहाणपण एवढंच आहे, मंडळी. प्रश्न विचारताना 'नाही' यायलाही जागा ठेवा. आणि चमत्कार बघायला तासभर उभे राहता, त्यापेक्षा तासभर रुग्णाजवळची पाळी सांभाळा.

बायकोने कपाटातून स्प्लिंट काढली. पूर्वी बोटं तिच्यावर सपाट पसरत, आता बसेनात. महाराजांचं काहीच गेलं नाही. रुग्णाची बोटं गेली. बायकोच्या नावापुढे मी अखेर लिहिलं: एक तास, तोही गेला.