जागा न मिळालेली अक्कलदाढ

मी श्रुतीची अक्कलदाढ बोलतेय. खालच्या जबड्यातली, डावीकडची. नावात अक्कल असली तरी मला वेळकाळ काही कळला नाही. जयसिंगपूरच्या एका शाळेत नोकरीसाठी श्रुतीला नमुना पाठ घ्यायचा होता आणि नेमकं त्याच सुमारास मी डोकं वर काढलं.

पण यायला जागाच नव्हती! पुढच्या दाढेला धडकून मी तिरकी अडकले. हिरडी सुजली, गाल टम्म फुगला. श्रुतीचं तोंड धड उघडेना.

"बोलायलाच येत न्हाय, तर शिकवू काय?" ती रडकुंडीला आली.

तिची आई रूपाली तिला हातकणंगल्याच्या दातांच्या डॉक्टर मोनांकडे घेऊन गेली.

"दाढ काढली की डोळं जात्यात म्हणं," रूपाली घाबरून म्हणाली.

"काकी, दाढेचा नि डोळ्यांचा काही संबंध नाही."

"पर माझ्या तर चारी अक्कलदाढा हायत की! हिलाच का तरास?"

मग डॉक्टर समजावून सांगू लागल्या, तेव्हा मला माझं कूळ कळलं. लाखो वर्षांपूर्वी माणसाचा जबडा मोठा आणि दणकट होता. त्यात माझ्या खापरपणज्या ऐसपैस बसत. कच्ची कंदमुळं आणि चिवट मांस दळायचं त्यांचं काम. पुढं माणूस दगडानं ठेचून, विस्तवावर शिजवून खायला लागला. चावणं कमी झालं, तसा पिढ्यानपिढ्या जबडा आखडत गेला. दाढाही लहान झाल्या, पण जबडा आखडला तितक्या नाहीत. काहींना तर आता अक्कलदाढ येतच नाही.

"त्यात लहानपणी चावणं कमी पडलं की जबडाही कमी वाढतो," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही काय खायचा?"

"ऊस! दातानंच सोलायचा. हिला मातर आमटीत कुस्करल्याबिगर भाकरी उतरत नव्हती."

गोळ्यांनी सूज ओसरल्यावर मला काढलं. वाईट वाटलं. जन्मात एक दाणा चावला नव्हता मी.

"ही मला द्या," बधिर तोंडानं श्रुती म्हणाली. डॉक्टरांनी मला धुऊन बाटलीत घालून दिलं.

पाठाला तिनं विषयच दातांचा घेतला. शब्द अजून जड येत होते. वर्गात खसखस पिकली. श्रुतीनं मला बाटलीसकट वर धरलं.

"ही बघा, हिनं माझी अशी गत केली."

पोरं माना उंचावून बघू लागली. बाटली हातोहात फिरली. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आमच्याबी तोंडात हाय काय ही?"

"हाय की. आत तयार होतीय."

श्रुतीला नोकरी लागली. मी त्या शाळेच्या कपाटात असते. तुमच्या पोरांच्या जबड्यात माझ्या बहिणी वाढतायत. पोरांना जरा चावू द्या. तरीही त्यांना जागा नाही मिळाली, तर खुशाल काढा, पण रागावू नका. आम्हाला जेवायला बोलावलं होतं हो. आम्ही पोचेपर्यंत पंगत उठली.