अर्धा फेरा

"काय मास्तर, आज शाळा भरली का?" कारखान्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या, माझ्या जुन्या सोबत्याने, हार्लनने विचारलं. बाकीचे हसले. मी खाली मान घालून आत गेलो.

वॉशिंग्टनने मेक्सिकोशी व्यापाराचा करार केला, तेव्हा आमचे खासदार ओहायोत येऊन सांगून गेले होते की इथलं काही हलणार नाही. तीन वर्षांत आमचा विजेच्या मोटरींचा अख्खा कारखाना मेक्सिकोला निघाला. तिथून शिकायला येतील त्यांना कुणी शिकवायचं नाही, असं युनियनने ठरवलं. हात मीही वर केला होता. पण शिकवणाऱ्याला सहा महिने जास्त काम मिळणार होतं, आणि कामाबरोबर आजारपणाचा विमा. अर्लेटाची, माझ्या बायकोची, कॅन्सरवरची केमो चालू होती, म्हणून मी शिकवायला हो म्हटलं. सहांतले चारच महिने तिला लागले, मग ती गेलीच, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक. तिनेही त्याच कारखान्यात एकोणीस वर्षं मोटरींवर तार गुंडाळली होती. तिला मी सांगितलं, यंत्रं खोक्यांत भरायचं काम मिळालंय.

माझ्याकडे मेक्सिकोहून ओफेलिया शिकायला आली. चाळिशीची, हुशार बाई. तिला सगळं शिकवलं, एक सोडून. शेवटची गाठ मारण्याआधी तार अर्धा फेरा सैल सोडावी लागते, नाहीतर वाकणावर तारेवरचा लाखेचा थर तडकतो आणि मोटर जळते. तेवढं मी ठेवून घेतलं. वाटायचं, हार्लनला कधीतरी सांगता येईल, सगळं काही शिकवलं नाही.

रविवारी दुपारी ओफेलिया मक्याच्या पिठाचे उकडलेले टमाले घेऊन घरी आली. दार अर्लेटाने उघडलं.

"मिस्टर व्हर्लिन छान शिकवतात," ओफेलिया अडखळत म्हणाली. "पण माझ्या मोटरी जळतात. शुक्रवारी परीक्षा. नापास झाले तर काम गेलं."

अर्लेटाने माझ्याकडे पाहिलं. मग तिला विचारलं, "शेवटी तार सैल सोडतेस ना?"

"सैल? नाही."

अर्लेटा खुर्चीत बसली. "माझ्यासाठी शिकवायला गेलास, ते कळलं," ती मला म्हणाली. "ते मी गिळीन. पण हिला कशाला फसवलंस?"

 अर्लेटाने शिवणाच्या डब्यातला दोरा काढून बाटलीवर गुंडाळायला घेतला. औषधांनी तिची बोटं बधिर झाली होती. दोरा दोनदा सुटला.

"तूच दाखव."

मी दाखवलं. ओफेलिया माझ्या बोटांकडे बघत होती, तोंडाकडे नाही.

"झालं?" अर्लेटाने मला विचारलं.

"झालं."

"परत दाखव."