पेरोला कळलेली भाषा

मी एक म्हातारा मेंढ्या राखणारा कुत्रा आहे, मित्रांनो. माझं नाव पेरो. वेल्समधल्या एका शेती कॉलेजात माझी उमेदीची वर्षं गेली. डोंगरउतारावरच्या मेंढ्या वळवून आणणं हे माझं काम, आणि ते मी झोकात करत असे.

आमच्या कॉलेजात माती, गवत, मेंढ्यांचे खूर, ओढ्यांची निगा, सगळं वेल्श भाषेत शिकवतात. इद्वल सर तर शिंकतातसुद्धा वेल्शमध्ये, असं मुलं म्हणायची. पण माझ्याशी बोलताना हेच सगळे इंग्रजीत ओरडायचे! बसायला 'लाय डाउन', पुढे जायला 'वॉक ऑन'. त्यांचे आजोबाही कुत्र्यांना इंग्रजीतच हुकूम सोडत, एवढंच कारण. मला मात्र वाईट वाटायचं. घरात सगळे हसत बसलेत आणि आपण दाराबाहेर, असं वाटायचं.

पुढे माझे सांधे आखडले. कामं तरण्या कुत्र्यांकडे गेली आणि मी बॉयलरजवळ लोळत पडलो. अशात तेलेरी नावाची विद्यार्थिनी आली. तिच्या वाट्याला दुसरा कुत्राच उरला नव्हता.

"सर, पेरोला मी वेल्शमध्ये शिकवणार. परीक्षाही तशीच देणार."

"खुशाल दे," इद्वल सर म्हणाले. "पण मेंढ्या वाड्यात शिरल्या नाहीत तर नापास. मग रडत यायचं नाही."

तिच्या वर्गातला गिट्टो खिदळला. "अगं, म्हाताऱ्याला आता शाळेत घालतेस होय?"

"तुझ्यापेक्षा लवकर शिकेल तो!"

हिवाळाभर आमची घोकंपट्टी चालली. बसायला 'गॉरवेद'. जमलं की ती मनुका घातलेल्या पावाचा तुकडा देई. म्हणून जमलेलं मी पुन्हा पुन्हा करून दाखवी.

परीक्षेच्या दिवशी मेंढ्या वाड्याच्या फाटकापर्यंत शहाण्यासारख्या आल्या. तिथे एका बेरकी मेंढीने मान फिरवली. मी आणखी पुढे सरकलो असतो तर ती उधळली असती, आणि तिच्यामागे सगळ्या.

"गॉरवेद!" तेलेरी हळूच म्हणाली.

तेवढ्यात इद्वल सर न राहवून ओरडले, "वॉक ऑन, पेरो!"

त्या आवाजाचं मी जन्मभर ऐकलं होतं. माझा पाय उचललासुद्धा गेला. मग मी तेलेरीकडे पाहिलं आणि गपकन खाली बसलो. मेंढी थबकली, वळली आणि निमूट आत गेली. मागोमाग सगळ्या गेल्या. तेलेरीने फाटक लावलं आणि आनंदाने किंचाळली.

"सर, तुम्ही आणि इंग्रजीत?" गिट्टो पोट धरून हसू लागला. "आता नापास कोण?"

"मीच रे बाबा!" सर म्हणाले. "ही पोरगी पास, आणि तिचा म्हाताराही पास."

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्या मुक्या जिवाला पोटभर खाऊ घाला, त्याच्या म्हातारपणी त्याला ऊब द्या. आणि त्याच्याशी आपल्या घरच्या भाषेत बोला. त्याला ती हवी असते. त्या दिवशी सर चिखलात गुडघे टेकून बसले, माझे कान कुरवाळले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वेल्शमध्ये म्हणाले, "चल पेरो, घरी जाऊ."